जुनं आरओ मशीन फिश टँकसाठी घ्यावं का? बोअरचा टीडीएस १३८०, लातूर

टाकीवाला_लातूर

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. घरी तीन फुटी टाकी आहे, ३६ बाय १५ बाय १८ इंच, त्यात चार एंजल, टेट्रांचा थवा आणि दोन कोरी (कोरिडोरास, तळाशी फिरणारे मासे). आमची कॉलनी नवीन, नळाची लाईन अजून आलेली नाही, सगळं घर बोअरवर आणि उन्हाळ्यात बोअर दम सोडतो तेव्हा टँकर. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला तर १३८०. जीएचच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायच्या, किटमध्ये थेंब टाकत गेलो तर तीसच्या पुढं गेलो तरी रंग बदलेना. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर बसतो, व्हिनेगरनं घासून काढला की आठवड्यात पुन्हा हजर. हीटरची कांडी तर दिसायची बंद झाली एवढे क्षार चढलेत. एंजल तग धरून आहेत पण टेट्रा एकेक करून जायलेत, रोग काही दिसत नाही, अंगावर डाग नाही, शेपटी कुजलेली नाही, नुसते कोपऱ्यात उभे राहतात, खाणं सोडतात आणि गेले.

आता इथल्याच एका साहेबांची बदली झालीय, ते घरचं आरओ विकायलेत. कॉपर, यूव्ही, मिनरल सगळं असलेलं मशीन आहे, मेंब्रेन ७५ जीपीडीचा, चार वर्षं वापरलेलं. अडीच हजार सांगायलेत. सोबत फिश टँकचा जुना कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबा-फिल्टर) पण आहे, त्याचे आठशे वेगळे. ते म्हणाले आमच्याकडं आरओचं पाणी २५ टीडीएसचं येतं, मीटर लावून दाखवलं पण, खरंच २५ आलं.

मला विचारायचंय की अडीच हजारात हे घ्यावं का, आणि घेण्याआधी नेमकं काय काय बघायचं. दुसरी गोष्ट आईची. तिचं म्हणणं, आपण प्यायला जार आणायचा आणि माशांना आरओ, वर बादल्या भरभरून पाणी मोरीत सोडायचं, हे घरात चालणार नाही. तिला चूक कसं म्हणू. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही इथंच होतो, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती, टँकरचा हॉर्न वाजला की आई घागर घेऊन पहिली पळायची. त्यामुळं वेस्टच्या, म्हणजे आरओ बाहेर टाकतं त्या, पाण्याचं काय करायचं हे पण कुणीतरी नीट सांगा.

फिल्टर_मिस्त्री_संभाजीनगर

भाऊ, मी आरओच्याच कामात आहे, इकडं संभाजीनगरला सर्व्हिस करतो, घरी टाकी पण आहे म्हणून दोन्हीकडून सांगतो.

पहिलं म्हणजे ते २५ टीडीएस विसरून जा. साहेबांच्या घरी नळाला कुठलं पाणी येतं ते विचारा. इनपुट ३०० असेल आणि आऊटपुट २५ तर मेंब्रेन ९२ टक्के क्षार अडवायलंय, बरं आहे. पण तेच मेंब्रेन तुमच्या १३८० ला लावलं तर ११० च्या खाली येणार नाही, उलट जास्तच येईल कारण क्षार वाढले की पंपाला जोर कमी पडतो. म्हणून बघायला जाताना तुमच्याच बोअरचं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये घेऊन जा. कॅन ओट्यावर नाहीतर त्याहून उंच ठेवा, मशीनचा इनलेट पाईप त्यात सोडा, पंप ओढून घेतो. विकणारा माणूस याला नाही म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

आणि आऊटपुट नळाला मोजू नका, तिथंच सगळे फसतात. नळाला जे पाणी येतं ते मशीनच्या टाकीत साठलेलं असतं आणि त्यात टीडीएस कंट्रोलरनं कच्चं पाणी मिसळलेलं असतं, किंवा मिनरलच्या कार्ट्रिजनं वाढवलेलं असतं. मेंब्रेनच्या हाऊसिंगला मागच्या बाजूला दोन पाईप निघतात, एक शुद्ध पाण्याचा आणि एक वेस्टचा. शुद्धचा पाईप एल्बोतून (वाकड्या जोडातून) सोडवून सरळ ग्लासात घ्या. सुरुवातीचं पाच-दहा मिनिटांचं पाणी सोडून द्या, मशीन बंद असताना क्षार मेंब्रेनच्या पलीकडं झिरपलेले असतात, पहिलं पाणी कायम जास्तच दाखवतं. त्यानंतर मोजा. १३८० चं ७० आलं तर ९५ टक्के, उत्तम. १४० च्या वर गेलं तर मेंब्रेन संपत आलंय असं धरून चला.

मग एक लिटरची बाटली लावून वेळ बघा. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, म्हणजे मिनिटाला दोनशे मिली धरा, नव्या मेंब्रेनला आणि चांगल्या पंपाला बाटली भरायला पाच मिनिटं लागतात. तुमच्या पाण्याला सहा-सात लागली तरी चालेल. दहा मिनिटं लागत असतील तर मेंब्रेन चोक झालंय नाहीतर पंप थकलाय.

किमतीचं म्हणाल तर जुन्या मशीनमध्ये मेंब्रेन आणि सेडिमेंट (गाळ अडवणारा), कार्बन या फिल्टरची किंमत शून्य धरायची, कुणी कितीही सांगो. पैसे द्यायचे ते पंप, अडॅप्टर, बॉडी आणि हाऊसिंगचे. आमच्याकडं नवीन मेंब्रेन हजार-बाराशे ते दोन हजार, पंप हजार-बाराशे, सेडिमेंट-कार्बनचा सेट सहाशे-सातशे. चार वर्षांच्या मशीनला अडीच हजार जास्त आहेत. दीड हजारावर आणा.

एक अजून, तुमच्या पाण्याला महत्त्वाचं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग असतं. क्लोरीन मेंब्रेनला खातं, कार्बन जुना झाला की क्लोरीन सरळ आत जातं आणि नवं मेंब्रेन काही महिन्यांत निकामी. म्हणून कार्बन वेळच्या वेळी बदला, त्यात कंजूषी नको. आणि उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मशीनला लावू नका, मेंब्रेनची मर्यादा ४५ डिग्रीची असते आणि मे महिन्यात आपल्याकडं गच्चीवरच्या पाईपातलं पाणी हाताला चटका देतं. पहाटे नाहीतर रात्री चालवा.

बालाघाट_सिक्लिड

बीडहून. मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मशीनच्या आधी मासे बदलायचा विचार केला का? एंजल, टेट्रा हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ पाण्यातले. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, बोअर जितका खोल तितकं पाणी जड, आपण कायम पाण्याशी भांडत बसणार. मी आफ्रिकन सिक्लिड ठेवतो, म्बुना, त्यांना हार्ड आणि अल्कलाईन पाणी मानवतं. बोअरचं पाणी, एअर स्टोन आणि चांगलं फिल्टर, बाकी काही नाही. रंग बघाल तर समुद्रातल्या माशासारखे. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पण जड पाण्यात खूश असतात, मॉली तर खाऱ्या पाण्यात पण राहते. फक्त दुकानात ज्या पाण्यात होते त्यातून एकदम १३८० मध्ये टाकू नका, कुठलाही मासा असो, हळूहळू सवय लावा.

आणि पावसाचं पाणी कुणी का धरत नाही हेच मला कळत नाही. हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटर पाणी येतं. पहिले दोन पाऊस सोडून द्यायचे, गच्ची धुऊन निघू द्यायची, मग पाईपाच्या तोंडाला कपडा बांधून ड्रम भरायचे, झाकण घट्ट, सावलीत. टीडीएस वीस-तीसच्या घरात. त्यात थोडं बोअरचं मिसळलं की टेट्राला लागतं तसं पाणी, एक रुपया खर्च न करता आणि एक थेंब वाया न घालवता. आपल्याकडं पाऊस कमी असला तरी टाकीपुरता पुरतो, चार ड्रम भरले तरी कितीतरी महिने निघतात.

गोदाकाठ_नांदेड

सिक्लिडवाल्या दादांचं पावसाच्या पाण्याचं अगदी पटलं, पण ज्याच्याकडं एंजल वाढलेत त्याला मासे बदला म्हणणं सोपं नाही, जीव लागलेला असतो.

दादा, तुम्ही लिहिलंय की मशीन कॉपरवालं आहे. हे सगळ्यात आधी बघा. माणसांना पाण्यातलं तांबं चालतं, माशांना अगदी थोडंच चालतं आणि कोळंबी-गोगलगाईंना तर अजिबात चालत नाही. मी चेरी श्रिंप ठेवते म्हणून हे डोळ्यात तेल घालून बघते. आज तुमच्याकडं श्रिंप नाहीत, पण कोरी आहेत, आणि खालची गाळ खाणारी मंडळी अशा गोष्टींना लवकर बळी पडतात. मऊ पाण्यात तांब्याचा त्रास जास्त होतो हे पण लक्षात ठेवा, म्हणजे तुम्ही आरओनं पाणी मऊ करणार आणि त्यात तांबं सोडणार. तेव्हा टाकीसाठीचं पाणी कॉपरच्या आधीच काढून घ्यायचं. मिनरल कार्ट्रिज, अल्कलाईन कार्ट्रिज यातलं काहीच माशांच्या पाण्याला नको. यूव्हीनं नुकसान नाही, पण टीडीएसला त्याचा काडीचा उपयोग नाही, तो दिवा जंतूंसाठी असतो आणि चार वर्षांचा दिवा निळा दिसत असला तरी त्याचा जोर गेलेला असतो.

दुसरं, तुमच्या टेट्रा जातायत त्याचं कारण नुसता टीडीएसच असेल असं मानू नका. बोअरचं नायट्रेट तपासलं का? मराठवाड्यात खतांमुळं बऱ्याच बोअरला नायट्रेट सापडतं. पिण्याच्या पाण्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅमची आहे. बोअरमध्येच ६०-७० असेल तर तुम्ही कितीही पाणी बदला, टाकीतलं नायट्रेट खाली येणारच नाही, बदलून बदलून थकाल. आरओनं ते कमी होतं, पण इतर क्षारांइतकं नाही. थेंबाचं किट नसेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली देऊन या, घरात लहान मूल असेल तर तसंही हे करायलाच हवं.

आणि आईंचं. त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. घरच्या आरओत एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीन लिटर वेस्ट जातं असं धरा. पण तुमच्या टाकीत पाणी साधारण सव्वाशे लिटर, आठवड्याला तीस टक्के बदललं तर चाळीस लिटर, त्यात आरओचं तेहतीस-चौतीस. म्हणजे आठवड्याला शंभर लिटर वेस्ट. ते पाणी घाण नसतं, नुसतं जास्त खारं असतं, तुमच्याकडं १८०० च्या आसपास जाईल. फरशी पुसणं, संडासात टाकणं, पायपुसणी भिजवणं, गाडी धुणं यात सहज मुरतं. तेवढंच बोअरचं पाणी तिथं वाचलं की. फक्त कुंड्यांना घालू नका, पानांच्या कडा जळतात, तुळशीला तर मुळीच नको. वेस्टचा पाईप मोरीत सोडायच्या आधी झाकणाच्या ड्रममध्ये सोडा, म्हणजे ते पाणी डोळ्यासमोर राहतं आणि वापरलं जातं. २०१९ ला हरित लवादानं जिथं टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओवर बंदी आणा असं केंद्राच्या मंत्रालयाला सांगितलं होतं, ते मला योग्यच वाटतं, माझ्याकडं विष्णुपुरी धरणाचं नळाचं पाणी आहे तर मी आरओ लावलंच नाही. पण तुमच्या १३८० ला आरओ ही चैन नाही.

उदगीरकर

सगळे मशीनचं बोलायलेत, मी जारचं बोलतो. आठवड्याला तेहतीस लिटर लागणार म्हणजे दोन जार झाले ना? आपल्याकडं गल्लोगल्ली आरओ प्लांट आहेत, वीस लिटरचा जार वीस-तीस रुपयाला घरपोच येलालंय. महिन्याला दोनशे-अडीचशे. मशीनला दीड हजार, मेंब्रेन, फिल्टर, लाईट, दर वर्षी पुन्हा फिल्टर, हिशोब करा. मी तर जारच वापरतो. फक्त जार आला की मीटर घालून बघायचा, आमच्या प्लांटवाल्याचं कधी ६० येतं तर कधी २०० पण येतं, मेंब्रेन बदलायला आला की वाढतं आणि त्यालाच पत्ता नसतो, मी फोन करून सांगतो. आणि जार उघडून रात्रभर एअर स्टोन सोडून ठेवायचा, काही प्लांटवाले शेवटी ओझोन नाहीतर क्लोरीनचा डोस मारतात. थंड जार तर चुकूनही टाकायचा नाही, साधाच मागवायचा.

वेस्ट पाणी प्लांटवर पण जातंच, ते नजरेआड जातं एवढंच, हे पण खरं.

टाकीवाला_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी दुकानात सांगत नाही. इथल्या एका दुकानात विचारलं होतं तर त्यानं निळ्या रंगाचं औषध आणि मीठ दिलं, पाण्याचं विचारलंच नाही.

उदगीरकर, जारचा हिशोब पटला, पण आमच्या घरी पाच माणसं आहेत आणि प्यायला रोज एक जार लागतोच, त्यामुळं मशीन आलं तर प्यायचे जार पण बंद होतील, हे आईला सांगितलं तर ती जरा ऐकायच्या मूडमध्ये आली. एकाच मशीनमधून माणसांना आणि माशांना दोघांना जमेल का? आणि शेजारच्या अपार्टमेंटला सॉफ्टनर बसवलाय, रोज मीठ टाकतात, ते पाणी फुकट मिळू शकतं, ते चालेल का टाकीला?

फिल्टर_मिस्त्री_संभाजीनगर

सॉफ्टनरचं पाणी नको भाऊ. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम देतो. काचेवर थर बसणार नाही, साबणाला फेस येईल, पण मीटर लावलं तर टीडीएस तेवढाच. माशाच्या अंगाला त्यानं काही हलकं होत नाही, उलट ज्या क्षारांची त्याला थोडी तरी गरज असते तेच निघून जातात.

दोघांना एका मशीनमध्ये सहज जमतं, आम्ही करून देतो. मेंब्रेननंतर जो शुद्धचा पाईप निघतो तिथं टी (तीन तोंडांचा जोड) टाकायचा आणि दोन छोटे व्हॉल्व. एका फांदीचं पाणी सरळ कॅनमध्ये, ते माशांचं. दुसरी फांदी नेहमीसारखी पोस्ट कार्बन, कॉपर, मिनरल, यूव्ही करत टाकीत, ते माणसांचं. पन्नास-शंभर रुपयाचं सामान आहे. फक्त माशांची फांदी चालू असताना कॅन भरला की हातानं बंद करावी लागते, त्या बाजूला फ्लोट नसतो, नाहीतर घरभर पाणी. मोबाईलला गजर लावून बसा.

वेस्ट कमी व्हावं म्हणून काही जण फ्लो रिस्ट्रिक्टर (वेस्टची धार रोखणारा भाग) बदलून आवळून देतात, एक लिटरला एकच लिटर वेस्ट अशी जाहिरात पण करतात. तुमच्या पाण्याला ते करू देऊ नका. एवढ्या जड पाण्यात वेस्ट आवळलं की क्षार मेंब्रेनवरच बसतात आणि ते लवकर दगड होतं. मग मेंब्रेन बदलत बसा. वेस्ट जाऊ द्या आणि ताईंनी सांगितलं तसं ड्रममध्ये धरा.

टाकीवाला_लातूर

जाऊन आलो. कॅन घेऊन गेलो तर साहेब आधी हसले, मग त्यांनीच स्टूल आणून दिला. त्यांच्या नळाचा टीडीएस ३१० निघाला, म्हणजे मिस्त्री भाऊंनी म्हटलं तसंच. माझं बोअरचं पाणी लावलं, एल्बो सोडवून पाईप ग्लासात धरला. सुरुवातीला ४२० दाखवलं, मग उतरत उतरत १९० वर येऊन थांबलं, पुढं हलेना. एक लिटरची बाटली भरायला नऊ मिनिटं लागली. पंपाचा आवाज एकसारखा आहे, कुठं गळती नाही. सेडिमेंटचा बाऊल उघडला तर कँडल चॉकलेटी झालेली आणि वास येत होता. नायट्रेटसाठी बाटली पण प्रयोगशाळेत देऊन आलोय, रिपोर्ट यायचाय.

दीड हजारावर यायला तयार झालेत. घेऊ का? आणि घेतलं तर पाणी किती मिसळायचं ते पण सांगा, नुसतं आरओचं टाकलं तर चालतं का?

फिल्टर_मिस्त्री_संभाजीनगर

१३८० चं १९० म्हणजे ८६ टक्के. मेंब्रेन बदलावं लागणार. पंप एकसारखा चालतोय म्हणजे बहुतेक मेंब्रेनच चोक आहे, नवं टाकल्यावर बाटली सहा-सात मिनिटांत भरली तर पंपाला हात लावू नका. दीड हजार मशीन, चौदाशे मेंब्रेन, साडेसहाशे फिल्टर सेट, साडेतीन हजारात जवळपास नवं मशीन झालं. घ्या. बाऊल, पाईप सगळं धुऊन घ्या, वास येणारा पाईप बदलूनच टाका, फुटाला काही रुपये असतात. नवं मेंब्रेन बसवल्यावर पहिल्या दिवशीचं एक-दोन तासांचं पाणी प्यायला पण नको आणि टाकीला पण नको, त्यात मेंब्रेन टिकावं म्हणून लावलेलं रसायन असतं.

मशीन आठ-दहा दिवस बंद ठेवणार असाल तर मधे एकदा चालवत जा, मेंब्रेन ओलं राहून त्यावर चिकट थर धरतो. तुमच्याकडं रोज प्यायला वापरणार म्हणजे ती काळजी नाही.

परभणी_प्लँटेड

मिसळण्याचं मी सांगतो. नुसतं आरओ कधीच टाकू नका. त्यात केएच (कार्बोनेटचे क्षार) जवळजवळ शून्य, पीएचला धरून ठेवणारं काहीच नसतं, टाकीत कचरा कुजून आम्ल तयार झालं की पीएच एका रात्रीत कोसळतो आणि सकाळी सगळे मासे वर. तुमच्याकडं क्षारांची खाण बोअरमध्येच आहे, बाहेरून विकत घ्यायची गरज नाही. नव्या मेंब्रेनचं पाणी ७० आलं आणि तुम्हाला टाकीत ३०० हवंय असं धरू. ३०० मधून ७० वजा केले, २३०. १३८० मधून ७० वजा केले, १३१०. २३० भागिले १३१०, साडेसतरा टक्के. म्हणजे वीस लिटरच्या बादलीत साडेतीन लिटर बोअरचं आणि साडेसोळा लिटर आरओचं. मिसळून मीटर घालून बघायचं, आकडा थोडा इकडंतिकडं चालतो. बोअरचा टीडीएस पावसाळ्यात उतरतो आणि मे महिन्यात चढतो, म्हणून तीच मोजपट्टी वर्षभर धरून बसू नका, दर महिन्याला बोअर मोजा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट फारच जास्त निघालं तर बोअरचा वाटा कमी करून क्षार बाहेरून द्यावे लागतील, तेव्हा रिपोर्ट आला की इथं टाका. आणि टँकरच्या दिवसात बोअरच्या जागी टँकरचं मिसळणार असाल तर आधी हायपो टाका, म्हणजे क्लोरीन मारणारं थायोसल्फेट, त्याशिवाय नको.

कॅनिस्टरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून तेही. आठशे ठीक आहेत पण बघून घ्या. झाकणाखालची रबरी रिंग हातात घेऊन वाकवा, बारीक चिरा पडत असतील तर ती गळणार, आणि जुन्या मॉडेलची रिंग मिळता मिळत नाही. आतला पंखा काढा, त्याची बारीक दांडी सिरॅमिकची असते, ती मोडलेली किंवा झिजलेली असेल तर घर्रर्र आवाज येतो आणि पाणी कमी फेकतो. घरी आणून आधी बादलीला जोडून रात्रभर मोरीत चालवा, रात्रभर कोरडा राहिला तरच हॉलमध्ये आणा. आतले रिंग, स्पंज जर वाळलेले असतील तर त्यातले जिवाणू मेलेत, ते ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, भरपूर धुऊन, हायपो टाकून घ्या आणि कोरा फिल्टर समजून वापरा. तुमचा आत्ताचा फिल्टर लगेच काढू नका, दोन्ही एक-दीड महिना सोबत चालवा, म्हणजे नव्या फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू तयार होतात. काही जणांनी एकाच दिवशी पाणीही बदललं आणि फिल्टरही बदलला, तिथं काय झालं ते सांगायला नको.

टाकीवाला_लातूर

मशीन घेतलं. कॅनिस्टरची रिंग चिरलेली निघाली म्हणून तो सोडला. इथल्या मिस्त्रीकडून मेंब्रेन बदलून घेतलं, टी पण टाकून घेतला, आता सरळ पाईपातून ६५ येतंय, बाटली सहा मिनिटांत भरते. वेस्टचा पाईप निळ्या ड्रममध्ये सोडलाय, आईनं आज त्यातूनच फरशी पुसली.

शेवटचा प्रश्न, टाकीत आत्ता १५०० च्या वर टीडीएस आहे, नवीन पाणी ३०० चं बनवलंय. उद्या रविवार आहे, अर्धी टाकी एकदम बदलून टाकू का, टेट्रांना लवकर आराम पडेल म्हणून?

गोदाकाठ_नांदेड

नको दादा, अर्धी एकदम बदलू नका. १५०० वरून एका दिवसात ९०० वर आणलं तर माशांच्या अंगात पाणी शिरतं, त्यांना ते सांभाळता येत नाही, जे तग धरून आहेत तेच जातील. जड पाण्यातून मऊ पाण्यात जाणं उलट्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं.

दर दोन-तीन दिवसांनी दहा-बारा टक्के बदला, म्हणजे बादलीभर, आणि पाणी एकदम ओतू नका, एअरच्या बारीक नळीनं सायफन लावून थेंबथेंब धार सोडा, तास-दीड तास लागू द्या. प्रत्येक वेळी टाकीचा टीडीएस लिहून ठेवा. महिना-सव्वा महिन्यात ५००-६०० वर याल, एंजलना तेवढं चालतं, टेट्रांना पुढं अजून खाली नेता येईल. मधल्या काळात टाकीत जे पाणी उडून जातं तेवढं भरायला नुसतं आरओचं वापरा, बोअरचं नाही, कारण उडतं ते पाणी, क्षार आतच राहतात, म्हणून तर तुमची टाकी १३८० च्या पाण्यावर १५०० च्या पुढं गेली. आणि या काळात नवीन मासा आणू नका, खाणं थोडं कमी द्या, पीएच सकाळी आणि रात्री बघा. टेट्रा कोपरा सोडून मधे फिरायला लागल्या की इथं कळवा.